डोमिनिका हा देशच आहे

जगाचा नकाशा मला पाठ आहे. फुशारकी म्हणून सांगत नाही; एकतीस वर्षं एकाच शाळेत भूगोल शिकवल्यावर एवढं दगडालाही येईल. झोपेतून उठवून कुणी विचारलं, "उराबे सर, बुर्किना फासोला समुद्र आहे का?" तर मी डोळे न उघडता "नाही" म्हणून कूस बदलेन. आमच्या हिला हे मान्य आहे. तिचं म्हणणं इतकंच, की ज्या माणसाला बुर्किना फासो सापडतो त्याला स्वतःचा चष्मा का सापडू नये.

तर अशा माणसाच्या हातून काय झालं ते सांगतो. मुलं माझ्यावर रागावलेली नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो. म्हणजे तुम्हीही जरा सांभाळून घ्याल.

आमचं ओगुशी बेट जपानच्या पश्चिम टोकाला, सासेबोहून बोटीनं तीन तासांवर. हायस्कूलमध्ये मुलं तेवीस, शिक्षक नऊ, आणि दुपारचं जेवण करणाऱ्या ओकुबोबाई एक. शाळेचा बेसबॉलचा संघ होता. खेळाडू पाच उरले तेव्हा तो मोडला. गाण्याचा संघ होता, त्यातल्या उरलेल्या दोघी एकाच वर्षी पास होऊन गेल्या आणि फक्त पेटी उरली. त्यामुळे आमचे हेडमास्तर तोकुनागा एकदा परिपत्रक हलवत माझ्या टेबलाशी आले, तेव्हा त्यांचा चेहरा पाहूनच मला वाटलं, आता काहीतरी करावं लागणार.

"फुकुओकाला अभिरूप राष्ट्रसभा आहे," ते म्हणाले. "हायस्कूलच्या मुलांनी एकेका देशाचे प्रतिनिधी व्हायचं. भाषणं, वाटाघाटी, ठराव. अगदी खऱ्यासारखं. दोन मुलं आणि एक शिक्षक."

"आपल्याकडून?"

"उराबे, आपली शाळा कधीच कशात नसते. यंदा असू दे. जग तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे इथे?"

या वाक्यावर मी विरघळलो. इथेच खरं तर गोष्ट संपायला हवी होती.

पहिली मुलगी आपणहून आली. होनामी काजितानी, मोडलेल्या बेसबॉल संघाची कॅचर. अंगानं दणकट, आवाज असा, की बंदरावर उभं राहून खोल समुद्रातल्या बापाला हाक मारावी. "सर, देश आपण निवडायचा असतो ना? मग डोमिनिका घ्या. डोमिनिका असेल तरच मी येते." आमच्याकडे डोमिनिका म्हटलं की बेसबॉल. तिथल्या खेळाडूंची नावं, उंची, कोण डावखुरा, सगळं तिला तोंडपाठ. पाढे नव्हते.

दुसरा मुलगा त्याच्या आईनं दिला. हामासाकीबाई बोटीच्या तिकीटखिडकीवर बसतात. मी तिकीट मागितलं तर त्यांनी ते हातात धरूनच ठेवलं.

"सर, आमच्या सोइचिरोला घ्या ना त्या सभेत."

"बाई, तो वर्गात बोलत नाही हो."

"बोलतो. पण फक्त 'हो' बोलतो." त्यांनी आवाज खाली केला. "मागच्या महिन्यात न्हाव्यानं विचारलं, अजून थोडे कमी करू का. हा हो म्हणाला. न्हाव्यानं परत विचारलं. हा परत हो म्हणाला. घरी आला तेव्हा मी कुणाचा मुलगा म्हणून विचारलं. सर, पुढच्या वर्षी तो शिकायला फुकुओकाला जाणार. तिथे लाखो माणसं. त्या सगळ्यांना हा एकटा हो म्हणत बसेल. एकदा तरी त्याच्या तोंडून नाही काढा."

मागे रांग लागली होती. मी हो म्हणालो आणि तिकीट मिळालं.

अर्जावर मी पेनाला नवी शाई भरून लिहिलं : डोमिनिका. पंधरा दिवसांनी आयोजकांचं पत्र आलं. "आपल्याला 'डोमिनिका देश' देण्यात येत आहे. आपल्याला 'डोमिनिका देश' हाच अपेक्षित आहे ना, हे कृपया कळवावे." पत्र आणखी पानभर होतं. पण हे पहिलं वाक्य वाचूनच मला इतका राग आला की पुढचं राहून गेलं. बेटावरची शाळा म्हणून डोमिनिका हा देश आहे की गाव, हेही आम्हाला माहीत नसेल असं यांना वाटतं? मी उलट टपाली उत्तर धाडलं : "डोमिनिका हा देशच आहे, याबद्दल आमच्या मनात तिळमात्र शंका नाही."

हे उत्तर मी शिक्षकांच्या खोलीत वाचून दाखवलं. सगळ्यांनी मान डोलावली. तोकुनागा म्हणाले, "चांगलं ठणकावलंत."

मग दोन महिने तयारी. सभेचा विषय होता वादळं आणि भूकंपानंतरची मदत. होनामीनं बेसबॉलच्या गुणांच्या जाड वहीत अख्खा देश उतरवून काढला. लोकसंख्या एक कोटीच्या वर, राजधानी, बंदरं, हॉटेलं, ऊस, रस्ते, दवाखाने, आणि दर चार पानांनंतर एक खेळाडू. मी शेजारच्या देशांचा अभ्यास घेतला. दुपारच्या सुट्टीत शिक्षकांची खोली म्हणजे राष्ट्रसभा. गणिताचे सर फ्रान्स झाले, दवाखान्याच्या बाई ब्राझील, आणि नकाराधिकार असलेलं एक बडं राष्ट्र म्हणून मी ओकुबोबाईंना बसवलं. त्यांना नियम एकदाच सांगितला : तुम्ही नाही म्हटलं की सगळं थांबतं.

"सगळं?" त्यांनी विचारलं.

"सगळं."

त्या आठवड्यात आमचा एकही ठराव पास झाला नाही. शिवाय कुणाला भाताचं दुसरं वाढपही मिळालं नाही. तोकुनागांनी वाटी पुढे केली की त्या शांतपणे म्हणत, "नकार."

सोइचिरोची अडचण वेगळी होती. फ्रान्सनं आमचा प्रस्ताव फेटाळला की तो उभा राहून म्हणे, "तुमचं बरोबर आहे. आमचंच चुकलं." ब्राझीलनं आमच्या वाट्याची औषधं मागितली, त्यानं देऊन टाकली. वर पोचवायची कशी हेही विचारलं. शेवटी मी त्याला रोज शाळा सुटल्यावर धक्क्यावर न्यायला लागलो. समुद्राकडे तोंड करून वीस वेळा म्हणायचं : "मला हे मान्य नाही."

तो म्हणायचा. स्वच्छ, खणखणीत. आणि प्रत्येक वेळेला म्हणून झालं की समुद्राला वाकून नमस्कार करायचा.

"अरे, माफी कसली मागतोस?"

"माफी नाही सर. सहज वाकलं जातं."

बेटावर बातमी कशी पसरते हे वेगळं सांगायला नको. पहिल्या आठवड्यात मुलं डोमिनिकाच्या वतीनं बोलणार होती. दुसऱ्यात डोमिनिकाशी बोलणार होती. चौथ्या आठवड्यापर्यंत ती डोमिनिकाला चालली होती. न्हाव्यानं सोइचिरोचे उरलेसुरले केस फुकट नीट करून दिले. परदेशात बेटाची अब्रू जायला नको म्हणून. मी एकेकाला समजावत हिंडलो की आम्ही फक्त फुकुओकाला चाललोय, दोन दिवसांत परत. लोक म्हणायचे, "हो हो, पुढचं विमान तिथूनच असेल."

निघायच्या दिवशी धक्क्यावर अर्धं बेट. रंगीत कागदी फिती बोटीवरून किनाऱ्यापर्यंत ताणलेल्या, ढोल, आणि गावकचेरीनं रंगवलेलं हे लांब कापड : 'डोमिनिका देशाच्या प्रतिनिधींना शुभेच्छा'. बोट सुटली, फिती एकेक करून तुटल्या. हामासाकीबाई तिकीटखिडकी सोडून बाहेर येऊन उभ्या होत्या. हात हलवत नव्हत्या, नुसत्या बघत होत्या. सोइचिरो दिसेनासं होईपर्यंत वाकलेलाच होता. होनामी मला म्हणाली, "सर, जिंकून नाही आलो तर आपल्याला खरंच डोमिनिकाला राहायला जावं लागेल."

फुकुओकाचं सभागृह पाहून माझीही छाती दडपली. साठ देश, साठ टेबलं, प्रत्येकावर नावाची पाटी, वर्णक्रमानं. शिक्षकांनी वर सज्जात बसायचं. सत्र चालू असताना मुलांशी बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, असं तीन ठिकाणी लिहिलेलं. खाली माझी दोघं आत आली, पाट्या वाचत वाचत पुढे गेली आणि 'डोमिनिका प्रजासत्ताक' या टेबलाशी बसली. होनामीनं जाड वही काढून बरोबर मधोमध ठेवली. शेजारचं टेबल रिकामं होतं. त्यावर पाटी होती : 'डोमिनिका'.

माझ्या शेजारी कुसुनोकी नावाच्या बाई बसल्या होत्या. शहरातल्या मोठ्या शाळेच्या, गळ्यात मोत्यांची माळ. ओळख व्हावी म्हणून मी खाली बोट दाखवलं.

"ते छोट्या डोमिनिकाचे प्रतिनिधी आलेले दिसत नाहीत. बिचारे."

"छोटा डोमिनिका?"

"दोन वेगळे देश आहेत ना," मी खुर्ची जरा सरकवली. "लोकांचा फार घोटाळा होतो. हे आमचं प्रजासत्ताक, एक कोटी लोक, स्पॅनिश बोलतात, बेसबॉल. आणि तो शेजारचा म्हणजे नुसता डोमिनिका, कागदोपत्री 'डोमिनिका देश'. वेगळंच बेट. सत्तर हजार माणसं, इंग्रजी बोलतात, डोंगर आणि जंगल..."

"वा, तुमचा अभ्यास दांडगा आहे," बाई म्हणाल्या.

"भूगोल," मी म्हटलं. "एकतीस वर्षं."

आणि तेवढ्यात माझ्याच तोंडातून निघालेले ते दोन शब्द माझ्या कानात शिरले. 'डोमिनिका देश.' हे मी कुठेतरी वाचलं होतं. अगदी हल्ली. रागारागानं.

खाली निळे कोट घातलेला एक मुलगा आणि एक मुलगी आमच्या टेबलाशी येऊन उभी राहिली होती.

"ती आमची मुलं," कुसुनोकीबाई म्हणाल्या. "प्रजासत्ताक आमचं आहे. काहीतरी गोंधळ दिसतोय, नाही?"

वरून शब्द ऐकू येत नव्हते, पण सगळं दिसत होतं. निळ्या कोटाचा मुलगा वाकला. सोइचिरो वाकला. मुलगी वाकली. सोइचिरो पुन्हा वाकला आणि काहीही न विचारता दप्तर उचलून उठला. होनामी उठली नाही. कागदपत्रांसोबत मी तिच्याकडे दिलेलं आयोजकांचं पत्र तिनं पिशवीतून काढलं. पहिलं वाक्य वाचलं. मग पान उलटलं आणि मी न वाचलेलं उरलेलं पानभरही वाचलं. नंतर कळलं, त्यात दोन्ही देशांतला फरक रकाने पाडून दिला होता. तिनं आपल्या टेबलावरच्या पाटीकडे पाहिलं, शेजारच्या पाटीकडे पाहिलं, आणि मग हळूहळू मान वर करून सज्जात मला शोधून काढलं. हातातून चेंडू निसटू देणाऱ्या पिचरकडे कॅचर बघतो तशी ती माझ्याकडे बघत राहिली.

मी उभा राहिलो. दोन्ही हात हलवून, डोकं हलवून, छातीवर हात मारून चूक माझी आहे असं सांगायला लागलो. एक स्वयंसेवक मुलगी धावत आली. "सर, खुणांना परवानगी नाही."

"खुणा नाहीत या, बाळ. मला कसंतरी होतंय."

"मग पाणी आणू का?"

खाली हजेरी सुरू झाली होती. सेगावा नावाची कॉलेजची मुलगी अध्यक्षस्थानी होती. "डोमिनिका?" तिनं पुकारलं. "डोमिनिका?" दुसऱ्यांदा पुकारलं तेव्हा रिकाम्या टेबलाशी नुकताच पोचलेला सोइचिरो म्हणाला, "उपस्थित. माफ करा." साठ देश हसले. त्याचे कान लाल झालेले मला सज्जातून दिसले. हसू आलं नाही ते मला एकट्याला.

हजेरी आणि प्रास्ताविक झाल्यावर जेवणाची सुट्टी होती. भाषणं दुपारी. इमारतीच्या मागच्या जिन्यावर मी त्या दोघांना गाठलं. भाताच्या मुटक्यांचे डबे त्यांच्या मांडीवर तसेच. मी एक पायरी खाली उभा राहिलो आणि कमरेत वाकलो, जितकं वाकता येतं तितकं.

"चूक माझी आहे. तुम्ही दोन महिने जीव काढलात आणि मी एक पत्र धड वाचलं नाही. आता एकच करू. आपण माघार घेऊ. मी आजारी पडतो. मला घेऊन परत जायचं आहे असं तुम्ही सांगा. कुणी तुम्हाला बोल लावणार नाही."

मी वाकलेलाच होतो, त्यामुळे मला फक्त त्यांचे बूट दिसत होते.

"सर," सोइचिरोचा आवाज आला, "मला हे मान्य नाही."

मी सरळ झालो. तो माझ्याकडे बघत होता आणि वाकला नव्हता. बहुधा स्वतःचं वाक्य ऐकून तोही घाबरला होता, कारण लगेच म्हणाला, "म्हणजे, तुम्ही आजारी पडायला नको. आणि माघार घेऊन इथल्यांना काय सांगायचं? घरी काय सांगायचं? आई तिकीटखिडकी बंद करून आली होती, सर."

होनामीनं अर्धा मुटका एका घासात संपवला. "हा स्वतःचं हसं करून घेऊन आला आहे आधीच. आता बसून काय करायचं? सर, तुम्ही भूगोलाचे ना? हा दुसरा डोमिनिका कसा आहे ते सांगा. भरभर सांगा."

आणि लाजिरवाणी गोष्ट ही, की मला सगळं माहीत होतं. डोंगर, नद्या, केळीच्या बागा, झेंड्यावरचा पोपट. काही वर्षांपूर्वी आलेलं भयंकर वादळ, ज्यात बहुतेक घरांची छपरं उडाली. मी सांगत गेलो, होनामी वहीच्या मागच्या पानावर लिहीत गेली. सोइचिरो लिहीत नव्हता.

"त्यांचा धक्का कसा आहे?" त्यानं मधेच विचारलं.

"धक्का?"

"बोट लागते तो. एक आहे की दोन? वादळात मोडला होता का?"

"ते मला माहीत नाही."

"मोठं जहाज लागतं का त्याला?"

"नाही रे माहीत."

एकतीस वर्षं मी मुलांना शिकवतोय की कोणता देश काय बाहेर पाठवतो. ते कुठे उभं राहून बोटीत चढवतात, हे मला कधी कुणी विचारलं नव्हतं. मीही कुणाला विचारलं नव्हतं.

सोइचिरो म्हणाला, "आपला मोडला होता तेव्हा मदतीचं जहाज तिसऱ्या दिवशीच आलं होतं ना?"

आलं होतं. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्याअखेरचं ते चक्रीवादळ. बेटाचा धक्का मधोमध तुटला, मासेमारीच्या होड्या एकमेकींवर आपटून फुटल्या. मदतीचं जहाज आलं ते इतकं मोठं, की त्याला लागायला जागाच नव्हती. ते समोर पाण्यात उभं राहिलं; लहान होड्या येईपर्यंत माल उतरवता येईना. दुर्बिणीतून पावांची खोकी मोजता यायची. हामासाकींच्या घरी आजीची रक्तदाबाची औषधं संपली होती आणि ती त्याच जहाजावर होती. आम्ही सगळे किनाऱ्यावर उभे राहून मदतीकडे बघत होतो. ओकुबोबाईंनी शाळेत सुकवलेली रताळी वाटली. तेव्हा त्या कुणालाच नाही म्हणत नव्हत्या.

"सहा दिवस," सोइचिरो म्हणाला. आणि मुटक्याच्या कागदावर त्यानं लिहायला सुरुवात केली.

होनामी मात्र आपली जाड वही उघडून बसली होती. दोन महिन्यांचा देश. तिनं एकदा सगळी पानं फर्रकन चाळली, मागचं लिहिलेलं पान फाडून सोइचिरोला दिलं आणि उठून चालायला लागली. मी पाहिलं तर ती अंगणात जेवत बसलेल्या निळ्या कोटवाल्यांच्या पुढ्यात उभी. दोन मिनिटांत हात झटकत परत आली.

"वही देऊन आलीस?"

"त्यांच्याकडे बेसबॉलबद्दल एक ओळ नव्हती, सर. एक ओळ नाही. असा कसा मांडणार तो देश?" तिनं नाक ओढलं आणि उरलेला मुटका उचलला. "माझ्याकडे राहून काय लोणचं घालायचंय?"

ती हे म्हणाली खरं, पण त्यानंतर बराच वेळ ती तो मुटका नुसता हातात धरून होती.

दुपारी सोइचिरो बोलायला उभा राहिला तेव्हा पुन्हा थोडी खसखस पिकली. सकाळचं 'माफ करा' लोकांच्या लक्षात होतं. माझ्या शेजारी कुसुनोकीबाईंनी पर्समधून रुमाल काढून माझ्या हातात दिला. मला तो का दिला ते कळलं नाही. मग पाहिलं, माझ्या हातातला कार्यक्रमाचा कागद घामानं भिजून फाटला होता.

"मोठ्या देशांनी मदतीसाठी मोठी जहाजं पाठवावीत असं मघापासून सगळे म्हणत आहेत," सोइचिरो म्हणाला. आवाज लहान होता, पण माईकपर्यंत पोचत होता. "मला हे मान्य नाही."

खसखस थांबली.

"छोट्या बेटावर आधी धक्का मोडतो. मग मोठं जहाज येतं आणि समोर उभं राहतं. त्यावरचा पाव दिसतो. औषधं दिसत नाहीत, पण ती तिथे आहेत हे माहीत असतं. आम्ही हात हलवतो. जहाजावरचे लोकही हात हलवतात. ती माणसं चांगली असतात. पण पाव सहा दिवसांनी मिळतो. म्हणून आमचं म्हणणं, आधी सपाट तळाच्या लहान होड्या पाठवा. आणि वादळ यायच्या आधीच बेटांचे धक्के बांधायला मदत करा. एवढंच."

त्याला दीड मिनिट दिलं होतं. पन्नास सेकंदांत संपलं. एका बड्या राष्ट्राच्या मुलीनं विचारलं, "सहा दिवस हा आकडा कुठला?"

"आमच्या बेटाचा," तो म्हणाला आणि बसला.

त्यानंतर अनौपचारिक चर्चेत आमच्या टेबलाशी माणसं यायला लागली. फिजी आलं, मालदीव आलं, मग नॉर्वेसुद्धा आला. होनामी सगळ्यांना ओरडून रांगेत उभं करत होती. चार वाजेपर्यंत ठरावाच्या मसुद्यात सातवं कलम शिरलं : लहान धक्के आणि सपाट तळाच्या होड्या. शेजारच्या प्रजासत्ताकानंही सही केली. त्यात एक वाक्य होतं, 'डोमिनिकाच्या अनुभवानुसार सहा दिवसांचा विलंब'. मी सज्जात कुसुनोकीबाईंना म्हटलं, "आमचा मुलगा." त्या म्हणाल्या, "हो, दुपारपासून तिसऱ्यांदा सांगताय."

मतदानाला दोन मिनिटं उरली आणि सोइचिरोनं पाटी वर केली.

"डोमिनिका?" सेगावा म्हणाली.

"दुरुस्ती आहे. ते सहा दिवस डोमिनिकाचे नाहीत. डोमिनिकाला किती दिवस लागले ते मला माहीत नाही. ते ओगुशीचे आहेत."

सेगावानं समोरची यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. "ओगुशी हा सदस्य देश आहे?"

"नाही. तिथे आमचं घर आहे."

सभागृहात हसू फुटलं, पण ते लगेच विरलं. मी डोळे मिटून घेतले. एवढं जमलेलं, आणि हा मुलगा आपल्या हातानं मोडतोय. त्याला मी नाही म्हणायला शिकवलं होतं, गप्प बसायला शिकवलं नव्हतं. अध्यक्षीणबाईंनी दोन सहकाऱ्यांशी कुजबूज केली. मग त्या म्हणाल्या, "वाक्य वगळलं जाईल. कलमावर वेगळं मतदान घेऊ."

तेवढ्यात प्रजासत्ताकाचा निळा कोट उभा राहिला. "कलम ठेवावं, असं आमचं म्हणणं आहे. आकडा कुठलाही असो, जहाज समोर उभं राहणं खरं आहे."

बाजूनं एक्केचाळीस, विरुद्ध बारा. बाकीचे तटस्थ. सातवं कलम राहिलं.

बक्षीस आम्हाला मिळालं नाही. उत्कृष्ट प्रतिनिधी म्हणून डोमिनिका प्रजासत्ताकाला निवडलं. देशाचं इतकं जिवंत आणि सूक्ष्म ज्ञान क्वचित पाहायला मिळतं, असं परीक्षक म्हणाले. आभाराच्या भाषणात निळा कोट तिथल्या डावखुऱ्या खेळाडूंवर पूर्ण एक मिनिट बोलला. होनामीनं सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. नंतर तिला विचारलं तर म्हणाली, "दोघांची नावं चुकला. पण आवाज चांगला होता." आमच्या गुणपत्रिकेवर परीक्षकांनी एकच ओळ लिहिली होती : 'मांडणी प्रामाणिक, पूर्वतयारी कमी पडली.' ती मी दोनदा वाचली. मग मुलांनी माझ्या हातातून काढून घेतली.

परतीच्या बोटीवर मी एक लांबलचक माफी मनात जुळवून ठेवली होती. पहिल्या वाक्यालाच होनामी म्हणाली, "सर, पुरे. सकाळपासून तुम्हीच जास्त वाकलाय." सोइचिरो रेलिंगला टेकून समुद्राकडे बघत होता. मी विचारलं, "इतक्या लोकांसमोर भीती नाही वाटली?"

"वाटली."

"मग ते आकड्याचं कशाला काढलंस? कुणाला कळलंही नसतं."

त्यानं थोडा विचार केला. "तिथल्या कुणीतरी वाचलं असतं तर, सर? त्यांचे किती दिवस गेले ते त्यांना माहीत असणार."



आता राहिलं ते शाळेत द्यायच्या अहवालाचं. तोकुनागांना तो लेखी हवा होता; घडलेल्या प्रकाराचं कारण, त्याखाली जबाबदार शिक्षकाची सही. मला टाइप करायला वेळ लागतो, म्हणून मी होनामीला सांगत गेलो आणि ती कॉम्प्युटरवर बडवत गेली. कारण या रकान्यात मी घातलं : 'दोन राष्ट्रांच्या नावांतील विलक्षण साम्य, तसेच आयोजकांच्या पत्रव्यवहारातील काहीशी संदिग्धता.' वाक्य मला आवडलं. ती छापून घेऊन आली तेव्हा मी पहिल्या वर्षाच्या मुलांच्या उत्तरपत्रिका तपासत होतो. तिनं बोट ठेवलं तिथे सही केली.

सोमवारी शिक्षकांच्या बैठकीत तोकुनागांनी तो मोठ्यानं वाचायला घेतला. तारीख झाली, ठिकाण झालं. मग ते थांबले, चष्मा कपाळावर नेला, पुन्हा खाली आणला.

"कारण," ते वाचायला लागले. "उराबे सरांनी पत्र पूर्ण वाचलं नाही."

गणिताचे सर खिडकीबाहेर बघायला लागले.

"खाली तुमची सही आहे, उराबे," तोकुनागा म्हणाले. "मजकूर वाचूनच केली असेल ना?"

ओकुबोबाई सगळ्यांना चहा देत होत्या. त्यांनी मला आधी दिला.